एकच खेप

कोल्हापूर जिल्ह्यात ट्रॅक्टरवाल्यांचे दोन प्रकार आहेत. पहिला तुम्ही हंगामात रस्त्यावर बघता. पन्नास-पंचावन्न हॉर्सपॉवरचं धूड, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, टपावर कर्णे, आणि त्यातनं सुरू झालेलं गाणं कारखान्याचा काटा आल्याशिवाय थांबत नाही. हा माणूस घाईत असतो, कारण त्याचे पैसे खेपेवर असतात. दुसरा प्रकार हमरस्त्यावर फारसा दिसत नाही. तो आडवाटेला, एखाद्या पडक्या विहिरीच्या काठावर किंवा कुणाच्या तरी पायाच्या खड्ड्याशी ट्रॅक्टर उभा करून खाली वाकलेला असतो. ट्रॅक्टर पंधरा हॉर्सपॉवरचा, मागची डंपिंग ट्रॉली जेमतेम दीड टनाची, आणि वाकून तो काय बघतोय म्हणाल तर दगड. त्याला कसलीही घाई नसते. खेपेचे पैसे मिळाले तर तो पैसे घेतो, नाही मिळाले तर दगड घेतो.

आमचे मामा या दुसऱ्या प्रकारातले. म्हणजे माझ्या बायकोचे मामा. हयात उद्यमनगरात लेथवर गेली. निवृत्त झाल्यावर जोतिबाच्या पायथ्याला, केर्लीच्या पुढं, वडिलोपार्जित अडीच एकरांत घर बांधून राहिले. मी तिथला जावई. जावयाला आमच्याकडं मान फार. गेल्या गेल्या पाय धुवायला पाणी येतं, खुर्ची पुसून मिळते, मामी तांबड्या-पांढऱ्याच्या तयारीला लागतात. आणि मी चहाची कपबशी खाली ठेवतोय न ठेवतोय तोवर मामा खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे.

"पावणं, वाईच हात लावता का? एकच खेप हाय."

ही 'एकच खेप' समजायची तर थोडं गणित करावं लागतं. दगडाचा हिशेब ब्रासात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मामांची ट्रॉली सहा फूट लांब, चार फूट रुंद, कड सव्वा फूट. म्हणजे तीस घनफूट. तीन खेपा झाल्या की नव्वद होतात आणि दहा घनफूट उरतात. त्या दहासाठी जी मारायची, ती एकच खेप. पण दहा घनफुटांसाठी ट्रॉली अर्धीमुर्धी आणायची म्हणजे डिझेलची नासाडी. म्हणून ती भरायची. मग वीस घनफूट जास्त होतात, ते पुढच्या ब्रासाच्या खात्यावर जमा धरायचे, आणि पुढचा ब्रास सुरू झालाच आहे तर तो पुरा करायचा. अशा रीतीनं मामांची शेवटची खेप आजवर कुणी पाहिलेली नाही. मामी म्हणतात, "मी लगीन होऊन आलो तवापासनं ऐकतोय. आदी पत्त्याचा एकच डाव असायचा. आता एकच खेप."

ट्रॅक्टर घेतला तेव्हा घरात दगडाचं नावही नव्हतं. मामींना सांगितलेलं कारण उसाचं होतं. लहान ट्रॅक्टर सरीतनं फिरतो, भर लावतो, बैलं सांभाळायची कटकट नाही. कारण खरं होतं आणि मामींनी ते मान्य केलं. पुढं मामांच्या लक्षात आलं की ट्रॅक्टर नुसता उभा राहिला तर बॅटरी उतरते. यावर त्यांना एकच उपाय सुचला, तो म्हणजे ट्रॉली. आता ट्रॉली तयार मिळते. पण थोर कारागीर म्हादबा मेस्त्रींचं नाव ज्या गावात अजून कानाला हात लावून घेतात, तिथल्या कारागिरानं तयार वस्तू विकत आणायची म्हणजे नाक कापून घेणं. मामांनी कॅलेंडरच्या पाठीवर ड्रॉइंग काढलं, उद्यमनगरात जुन्या ओळखीच्या वेल्डरपुढं स्टूल टाकून बसले, आणि दर टाक्याला "वाईच आजून" म्हणत राहिले. परिणामी ट्रॉली इतकी दणकट झाली की रिकामी असतानाच ट्रॅक्टर निम्मा दमतो. मागच्या फाळक्यावर पेंटरकडनं ठसठशीत अक्षरात लिहून घेतलं: 'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी'. आमच्या भागात डंपिंग ट्रॉलीवर हे लिहिल्याशिवाय बहुधा हायड्रॉलिक चढतच नाही.

मामांची पलटी मात्र खटक्यासरशी होत नाही. आधी ते जागा बघतात. जमीन एका अंगाला उतरती असेल तर ट्रॉली वर गेल्यावर सगळं ओझं उताराकडच्या चाकावर येतं आणि ट्रॉली दगडांसकट आडवी होते. म्हणून पायानं जमीन चाचपायची, एखादं चाक खोल वाटलं तर खाली चपटा दगड सारायचा. मग मागं जाऊन फाळक्याचे हूक काढायचे. हूक न काढता लिव्हर ओढणारे महाभाग त्यांनी पाहिलेत. त्यांची नावं ते घेत नाहीत, नुसती मान हलवतात. मग सीटवर बसून रेस वाढवायची आणि लिव्हर ओढायची. इंजिनाचा आवाज जड होतो, तेलाचा पाईप ताठ होतो, जॅक चकाकत बाहेर यायला लागतो आणि ट्रॉलीचं तोंड उचलतं. थोडा वेळ दगड जागचे हलत नाहीत. मग तळातून करकर ऐकू येते. आधी कच आणि बारीक खडे सरकतात, पाठोपाठ मधले, आणि एकदम सगळंच गडगडत खाली. नेमक्या त्याच वेळी मामा पहिल्या गिअरात हातभर पुढं घेतात, नाहीतर ढीग फाळक्यालाच टेकून बसतो. तरीही एक मोठा दगड दर वेळी तळाला चिकटून राहतोच. नवखा माणूस अशा वेळी पहार घेऊन फाळक्याखाली शिरतो. मामांच्या रानात असं करणाऱ्याला त्या दिवशी जेवण मिळत नाही. "पाईप फुटला तर टेलर इचारून खाली येत न्हाई, पावणं." दुरुस्तीला ट्रॉलीखाली जायचं झालंच तर आधी बाभळीचा ओंडका टेकू म्हणून लागतो. तो ओंडका मामांनी इतका जपलाय की पावसात तो घरात असतो आणि माझी मोटरसायकल बाहेर.

भरणं हा वेगळा विषय, आणि त्यात माझा अनुभव जास्त. अखंड काळ्या दगडाचं एक घनफूट ऐंशी किलोच्या आसपास भरतं, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, कमरेनं शिकलोय. मामा म्हणतात दगड उचलायचा नसतो, चालवायचा असतो. पहारीचं टोक खाली सारायचं, टेकूला एक लहान दगड ठेवायचा, वाईच दाबायचं, दगड जरासा उठला की खाली चिप सारायची, पुन्हा दुसऱ्या अंगानं. असं करत करत तो दोन फळ्यांवरनं ट्रॉलीत चढतो. तरुणपणी मामा तालमीत होते, त्यामुळं सूचना सगळ्या आखाड्यातल्या. "ढाक नगं लावू, कलव त्येला. आता पट काढ. सोडू नगंस, सोडू नगंस... हां, चीतपट!" चीतपट कोण झालं हे संध्याकाळी माझी पाठ सांगते.

मोठा दगड कुठं ठेवायचा याचाही नियम आहे. दोन चाकांची ट्रॉली. चाकांच्या मागं वजन जास्त झालं तर पुढची दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी फिरतात. अगदी पुढं घातलं तर दांडी दबते आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होऊन स्टीअरिंग ऐकत नाही. म्हणून मोठा दगड चाकाच्या जरासा पुढं, बाकीचे त्याच्या भोवतीनं. उताराला मामांचं एक वाक्य ठरलेलं आहे: "उतरणीला न्यूट्रल केलंस की टेलर डायवर हुतोय." जोतिबाच्या डोंगरावरनं भरली ट्रॉली ते ज्या गिअरमध्ये चढवतील त्याच गिअरमध्ये उतरवतात. मागं मोटारींची रांग लागते, हॉर्न वाजतात, मामा हात वर करून नमस्कार करतात. लोकांना वाटतं माफी मागताहेत. तो नमस्कार जोतिबाला केलेला असतो.

वजनाचा अंदाज हा मामांचा मोठा अभिमान. कुठल्याही दगडाकडं बघून "आडीचशे" किंवा "साडेतीनशे" असं किलोत सांगतात आणि पुढं निघतात, तपासायची सोय नसते. एकदा मात्र उसाच्या हंगामात रस्त्याकडेच्या वजनकाट्यावर माझ्या मेव्हण्यानं ट्रॉली चढवायला लावली. मामा म्हणाले, माल दीड टन. रिकाम्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वजन वजा जाता काट्यानं वीस किलो कमी दाखवले. आम्ही टाळ्या वाजवल्या, कारण इतका जवळचा अंदाज म्हणजे कमाल. मामांचा चेहरा पडला. ते काट्याभोवती फिरले, पट्टीवरची माती पायानं बाजूला केली, काटेवाल्याला शेवटची तपासणी कधी झाली विचारलं. रात्री जेवताना, सगळा विषय संपल्यावर, एकदम म्हणाले, "वाटंत धाकलं दगुड दोन पडलं आसतील."

आता हा सगळा दगड जातो कुठं? थोडा पन्हाळा रस्त्याच्या फार्महाऊसवाल्यांकडं. कोल्हापूरचे डॉक्टर, वकील, बिल्डर यांना हल्ली घरापुढं हिरवळ आणि हिरवळीत दगड लागतो. अशाच एका डॉक्टरांच्या बंगल्याची बाग आखायला पुण्याहून आर्किटेक्ट आला होता. पोरगा हुशार, नकाशा सुंदर, त्यावर ठिकठिकाणी गोल काढलेले आणि शेजारी टीप: दगड रँडम ठेवणे. मामांनी चष्मा लावून नकाशा बघितला, खिशातनं टेप काढला आणि विचारलं, "रँडम म्हंजे किती इंच?"

पोरगा म्हणाला, काका, तसं नाही, नैसर्गिक वाटले पाहिजेत, सहज टाकल्यासारखे. मामांच्या आयुष्यात एखादी गोष्ट सहज टाकणं हा प्रकार लेथवर नव्हता आणि दगडातही नाही. त्यांनी त्या दिवशी पोराला जे शिकवलं ते मी शेजारी पहार धरून ऐकलं. दगडाला पोट आणि पाठ असते. जी बाजू वर्षानुवर्षं उन्हापावसात होती ती करडी, खडबडीत, तिच्यावर दगडफुलाचे पांढुरके डाग असतात. ती पाठ, ती वर. जी मातीत होती ती तांबूस आणि स्वच्छ, ते पोट. पोट वर करून ठेवलेला दगड कितीही महाग असला तरी उपरा दिसतो. दुसरं म्हणजे दगड जमिनीवर ठेवायचा नाही, एक तृतीयांश तरी गाडायचा. मग तो तिथंच उगवला असं वाटतं आणि पोरं चढली तरी डुगडुगत नाही. तिसरं, दोन सारखे दगड शेजारी शेजारी नकोत. "भावकी लागतीय," एवढंच कारण दिलं. आर्किटेक्टनं हे सगळं मोबाईलमध्ये लिहून घेतलं. शेवटी त्यानं एक दगड फूटभर डावीकडं सरकवता येईल का विचारलं. तीनशे किलोचा दगड, संध्याकाळची वेळ. मामा म्हणाले, "दगुड हाय तितं ऱ्हाऊ द्या. बंगला फूटभर उजवीकडं घेता येतोय का बगा." दुसऱ्या दिवशी सकाळी दगड डावीकडं सरकलेला होता. पोराचं म्हणणं बरोबर होतं, हे मामांनी रात्री एकट्यानं मान्य केलं असणार. आमच्यापुढं कधी केलं नाही.

पण बहुतेक दगड घरीच येतो. मामांच्या घरापुढं बाग आहे असं ते म्हणतात. मला तिथं दगडी बांध, दगडी पार, दगडी पायवाट, आणि कुठंच न जाणारा एक दगडी जिना दिसतो. झाड म्हणावं तर एक चाफा, तोही आधीपासून होता. मामींची तक्रार, "मी म्हटलं जास्वंद लावा, तर जास्वंदीला आळं केलं दगडाचं. आळं येवढं मोठं झालं की आत जास्वंद लावायचीच इसरले." शिवाय ही बाग एका जागी राहत नाही. दिवाळीला ईशान्येला असलेला दगड संक्रांतीला नैर्ऋत्येला सापडतो. रांगोळी काढायला निघालेल्या मामींना दारात रोज नवा भूगोल. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "त्यो तितं बसत न्हवता." दगड सांगतो म्हणे. बसला की बोलत नाही, नाही बसला तर रात्रभर बोलतो आणि मामांना झोप लागत नाही.

माझी पुतणी भूगर्भशास्त्र शिकते. तिनं एकदा सांगितलं, मामाआजोबा, हा दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मुरमात जे गोल गोटे सापडतात ते कुणी घडवलेले नसतात. दगडाला चिरा पडतात, त्यातनं पाणी मुरतं, कोपरे आधी झिजतात, आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटत आतला गाभा गोल उरतो. मामांनी फार मन लावून ऐकलं. मला वाटलं, विषयात रस आला. दुसऱ्या दिवशी मामींनी अंगणातला ढीग हलवायला सांगितला तेव्हा कळलं रस कशात होता. "साडेसा कोटी वर्सं पडून हाय त्यो. आजून चार दिस ऱ्हायला तर काय बिगडतंय?"

तिनंच मामांना कासारी नदीकाठी बांदिवड्याला नेलं. तिथं बेसॉल्टचे स्तंभ उभे आहेत, पाच-सहा कडांचे, एकाला एक चिकटून. लाव्हा थंड होताना आकसून तडकला आणि तसे पडले. मामा लेथवरचा माणूस. त्यांनी एका स्तंभाच्या कडेवरनं बोट फिरवलं, कोन बघितला, शेजारच्याचा बघितला, मग टोपी काढली. "टॉलरन्स बग जरा," असं पुटपुटले. परत येईपर्यंत एक शब्द नाही. बांदिवड्याहून त्यांनी एक चिपसुद्धा आणली नाही, आणि मामी अजून या गोष्टीवर विश्वास ठेवत नाहीत.

मामांबरोबर प्रवास करणं धोक्याचं आहे. लग्नाला निघालो तरी त्यांची नजर रस्त्याच्या कडेला. "वाईच गाडी बाजूला घ्या," म्हणाले की समजायचं, कुठंतरी पाया खणलाय. अक्षता पडून गेल्यावर आम्ही पोचतो आणि मामांच्या धोतराला मुरूम लागलेला असतो. गावात कुणी जुना वाडा पाडतंय असं कानावर आलं तर मामा केळी घेऊन भेटायला जातात. खुशाली विचारतात, चहा घेतात, म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी करतात, आणि उठता उठता उंबऱ्याशी थबकून, आत्ताच आठवलं अशा सुरात म्हणतात, "मग ह्ये जोत्याचं दगुड कुटं टाकणार म्हंता?" एक गोष्ट मान्य केली पाहिजे. फुकट दगड मागताना ते लाजत नाहीत, पण कागदात कुचराई करत नाहीत. गौण खनिजाचे नियम, रॉयल्टी, वाहतुकीचा पास, यातलं कुठं काय लागतं हे त्यांना पाठ आहे, आणि पावत्या सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारखेवारी. रस्त्यात कुणी अडवलं की ते सगळ्याच्या सगळ्या दाखवतात, अगदी सुरुवातीपासूनच्या. मग अडवणारा म्हणतो, जावा जावा आप्पा.

अशाच एका पाडकामात, ढिगाच्या तळाशी, त्यांना एक लांबट दगड सापडला. बादलीभर पाणी ओतलं तर खाली लढाई उमटली, तिच्यावर अप्सरा वीराला घेऊन निघालेल्या, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. वीरगळ. कुणीतरी वाड्याच्या जोत्यात पालथी घालून वापरली होती. घरमालक म्हणाला, घेऊन जा की, बागेत शोभेल. मामा एकदम उखडले. "ह्यो दगुड न्हवं. मेलेला माणूस हाय ह्यो, गावासाटी मेलेला." पंचमंडळींना बोलावलं, सगळ्यांचं ठरलं, आणि वीरगळ गावातल्या देवळाच्या पाराशी न्यायची झाली. त्या दिवशी ट्रॉलीत आधी गवताचा थर, त्यावर पोती, मग वीरगळ. चार माणसं बाजूनं चालत, मामा पहिल्या गिअरमध्ये, आणि दोन फर्लांगांना अख्खा तास. तिथं पोचल्यावर खटका ओढलाच नाही. हातानं उतरवली.

रंकाळ्याच्या गोष्टीवर त्यांचा फार जीव. रंकाळा मुळात दगडाची खाण होती, अंबाबाईच्या देवळाला तिथला दगड लागला, पुढं भूकंप झाला आणि खाणीत पाणी आलं, असं जुनी माणसं सांगतात. मामा ती ऐकीव गोष्ट पुराव्यासारखी वापरतात. कुणी विचारलं, मामा, एवढा दगड कशाला, की सुरू: "कोल्हापुरात आदी दगुड निगाला, मग देवी बसली, मग पाणी आलं. आन् मला इचारताय दगुड कशाला." राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं तेव्हा कुठं डंपर होते, हा पुढचा प्रश्न असतो. त्यावर आपण गप्प बसायचं, कारण उत्तर दिलं तर ते ट्रॅक्टर काढून धरण दाखवायला नेतात.

जेसीबी या शब्दाला घरात बंदी आहे. शेजारचा एक तरुण जेसीबीवाला मनानं चांगला; एकदा कुंपणाशी येऊन म्हणाला, मामा, तुमचं महिन्याचं काम मी अर्ध्या तासात करून देतो, पैसे नकोत. मामा आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. "आर्ध्या तासात झाल्यावर मग बाकीचा म्हैना म्या काय करू?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला, त्याला नाही. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या उद्योगाची किल्ली या प्रश्नात आहे. चाळीस वर्षं ज्यांनी सकाळच्या भोंग्याला घर सोडलं, त्यांना निवृत्तीच्या कागदावर सही करून रिकामं करता येत नाही. कुणी नातवंडांत रमतो, कुणी ज्येष्ठ नागरिक संघाचा खजिनदार होऊन हिशेब मागत सुटतो. मामांनी दगड धरला.

पावसाळ्यात त्यांचे हाल होतात. काळी माती, ट्रॉली रुतते. एकदा ऐकलं नाही आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर 'एकच खेप' काढली, तर ट्रॅक्टर आसापर्यंत चिखलात. शेवटी शेजाऱ्याची बैलजोडी आणून ट्रॅक्टर ओढून काढला. मामांनी बैलांना पेंड घातली, शेजाऱ्याला चहा पाजला, आणि बैलं सांभाळायची कटकट हे वाक्य त्यानंतर कधी वापरलं नाही.

२०१९ च्या महापुराचं त्यांच्यापुढं काढलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून इथं लिहितो. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. प्रयाग चिखली, आंबेवाडी पाण्यात. मोठे ट्रॅक्टर माणसं आणि सामान बाहेर काढत होते. मामांचा ट्रॅक्टर त्या पाण्यात चाकांसकट गेला असता, म्हणून ते तडफडत घरी बसले. पाणी ओसरल्यावर पडलेली घरं उभी राहायला लागली तेव्हा लोकांना जोतं वर घ्यायचं होतं, आणि जोत्याला डबर लागतं. अंगणातला दगडी जिना तेव्हा दुप्पट उंच होता. मामांनी वरच्या निम्म्या पायऱ्या, पार सगळाच, आणि बांधाचा बराचसा भाग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गावोगाव पोचवला. डिझेलपुरते पैसे घेतले, तेही ज्यांनी बळजबरी केली त्यांच्याकडनं. मामी म्हणाल्या, "अंगण मोकळं झालं बाई," आणि पुढं दोन दिवस त्यांनाच ते मोकळं अंगण करमेना. पार आता पुन्हा उभा आहे. पहिला दगड मामींनी दाखवला होता, असं मामा सांगतात. मामी नाही म्हणतात.

खंडेनवमीला मामांच्या घरी शस्त्रपूजा असते. पाटावर पहार, सुतकी, घण, साखळी, टेप, आणि मधोमध बाभळीचा ओंडका. ट्रॅक्टरला झेंडूची माळ, ट्रॉलीच्या जॅकला हळदकुंकू. फाळक्यावरची अक्षरं दर वर्षी नव्यानं रंगवतात. यंदा पेंटरनं विचारलं, मामा, आता वय झालं, दुसरं काहीतरी लिहूया का, 'आईचा आशीर्वाद' वगैरे? मामांनी मामींकडं बघितलं. मामी म्हणाल्या, "हाय त्येच ऱ्हाऊ द्या. इतकी वर्सं बगतोय, येकदा तरी जाग्यावर पलटी झाल्याली बगू द्या मला."

तेव्हा वाचकहो, तुमच्या ओळखीत असे एक मामा असणारच. दगड नसला तर भंगार असेल, जुन्या सायकली असतील, मधमाश्या असतील. आमच्या मामांपुरतं सांगतो. पन्हाळा-जोतिबाच्या बाजूला तुमचं बांधकाम चालू असेल आणि पायात चांगला काळा दगड निघाला असेल, तर तो फोडून खडी करण्याआधी निरोप धाडा. ते येतील, ब्रासभर नेतील, जागा झाडून देतील. कागदपत्रं तयार ठेवा, चहा गुळाचा करा, जेसीबीचा विषय काढू नका. आणि त्यांच्याबरोबर एखादा जावई आलेला दिसला, तर आधी त्याला खुर्ची द्या.